हॉबडेच्या बाजूनं बोलणारं कोणी

माझ्या भावाला गावात सगळे सज्जन म्हणतात. मीही म्हणते, कारण त्याच्याबद्दल म्हणण्यासारखं दुसरं फारसं उरलेलं नाही.

तरुणपणी लायनेल पार्जिटर हे नाव वर्तमानपत्रात यायचं. तो आमच्या परगण्याच्या संघातून क्रिकेट खेळायचा, हौशी म्हणून, म्हणजे पैसे न घेता. त्याची फलंदाजी घडवली ती मात्र जेसी हॉबडेनं. वडिलांनी हॉबडेला पगारावर ठेवलं होतं. वसंत लागला की तो आमच्या मागच्या कुरणात लायनेलला दिवसभर चेंडू टाकत बसे. पुढे दोघं एकाच संघात आले. पण हौशी मंडळी मैदानात एका फाटकातून उतरत, पगारी दुसऱ्या फाटकातून. जेवायची टेबलंही वेगळी. दोघांनी मिळून सामना जिंकून दिला, तरी परतताना जो तो आपापल्या फाटकाकडे वळायचा. मला हा प्रकार तेव्हाही खुळचट वाटे, पण मला विचारतो कोण?

मग वडिलांनी बॅट खाली ठेवायला लावली. लायनेल वकील झाला, टक्कल पडलं, पोट सुटलं आणि तो गोरगरिबांना मदत देणाऱ्या मंडळाचा चिटणीस होऊन बसला. हॉबडेचा खांदा निकामी झाला तेव्हा त्याला मात्र कोणी कसल्याही पदावर बसवलं नाही. म्हातारपणी त्यानं त्याच मंडळाकडे अर्ज केला. बायको किझाया अंथरुणाला खिळलेली, तेव्हा दर आठवड्याला थोडी मदत घरपोच मिळावी, एवढंच मागणं. मंडळानं नाही म्हटलं तर गरीबखाना. तिथं पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मध्ये भिंत. उभा जन्म एकत्र काढलेल्या नवराबायकोलाही सूट नाही.

मंडळाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी हॉबडे आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आला. मी त्याला बसवलं, पुढ्यात मटणाची तंगडी ठेवली आणि लायनेलला बोलावलं. दोघं मस्त रंगले.

"त्या ओल्या खेळपट्टीवरचा सामना आठवतो का, मिस्टर लायनेल? काय हाणलंत त्या डावखुऱ्याला."

"तू त्यांचे शेवटचे गडी गुंडाळलेस म्हणून, हॉबडे. नाहीतर माझं कौतुक कोण करतं?"

चहा झाला, हसणं झालं. हॉबडेनं टोपी उचलली आणि गेला. अर्जाचा शब्द कोणीच काढला नाही.

"तो कशाला आला होता, कळलं ना तुला?" मी विचारलं.

"कळलं, लेटी."

"मग दातखीळ बसली होती का?"

"त्यानं मागितलं नाही. आपण होऊन देऊ केलं असतं तर त्याला अपमान वाटला असता. उद्या तो माझं नाव घेईल, तेव्हा बोलेन."

दुसऱ्या दिवशी बैठकीत काय झालं ते लायनेलनंच मला जेवताना सांगितलं. धान्याचा व्यापारी असलेल्या अध्यक्षानं हॉबडेला विचारलं, "तुझ्या बाजूनं बोलेल असा गावातला कोणी प्रतिष्ठित मित्र आहे का?" हॉबडेनं लायनेलकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "नाही, साहेब." निर्णय गरीबखान्याचा झाला, आणि तो लिहून घेतला आमच्या चिटणीससाहेबांनी.

"आणि तू गप्प बसलास?"

"तो नाव घेईल असं शेवटपर्यंत वाटत होतं."

मला त्याची इतकी चीड आली की मी पानावरून उठले. पण नुसत्या चिडण्यानं काय होणार? आमच्या माळ्याचं घर रिकामं होतं, ते त्या दोघांना दे म्हणून मी त्याच्या मागे भुणभुण लावली. तो आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. आपण सांगायचं तरी कसं, हाच घोळ. थंडी पडली तेव्हा कुठे निघाला, तेही मी हाताला धरून नेलं म्हणून.

गरीबखान्याचा जाडाभरडा कोट घालून हॉबडे आमच्यासमोर उभा राहिला. लायनेल अडखळत घराबद्दल बोलला. हॉबडेनं सगळं ऐकून घेतलं.

"उपकार आहेत, साहेब. पण आता एकट्याला घर काय करायचंय? किझाया गेली, गेल्या आठवड्यात. तिकडच्या बाजूला होती. मला दुसऱ्या दिवशी कळलं."

मला रडू आवरेना. हॉबडेच आम्हाला धीर दिल्यासारखा म्हणाला, "एक विचारू, मिस्टर लायनेल? रागावणार नाही ना?"

"विचार."

"त्या दिवशी मंडळापुढे मी तुम्हाला मित्र म्हटलं असतं, तर चाललं असतं का हो?"

"मी वाट बघत होतो, जेसी."

"असं होय," हॉबडे म्हणाला. "मला वाटलं, चारचौघांत तुम्हाला ते बरं दिसणार नाही."

जेवणाची घंटा झाली. त्यानं टोपी काढून आम्हाला नमस्कार केला आणि तो रांगेत उभा राहायला गेला.