एका खुराड्यातले दोन असील

रुपरावांनी असील कोंबडे पाळायचं ठरवलं, तेव्हा प्रताप नगरच्या त्या गल्लीत हसला नाही असा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे खुद्द रुपराव. निवृत्त होऊन घरी बसल्यापासून त्यांना हुकूम सोडायला कोणी उरलं नव्हतं. बायको प्रेमिला ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मुलगी भूमिका सीताबर्डीला नोकरीला जायची, तिला वेळ नव्हता. मग कामठीकडून एकाच कोंबडीखालची दोन पिल्लं आली. असीलच का? तर साधी कोंबडी कोणीही पाळतं. असील म्हणजे काटक, खानदानी, नागपूरच्या मे महिन्यातही मान खाली न घालणारी जात. विकणाऱ्याने एवढंच बजावलं होतं की मोठे झाल्यावर हे दोन नर एका जागी ठेवू नका, एकमेकांचे डोळे फोडतील.

"काहून फोडतील?" रुपराव म्हणाले. "सख्खे भाऊ हायेत ते. संस्कार नावाची काही चीज असते का नाही?"

ऐका हो ऐका! सख्ख्या भावांचे संस्कार कोण सांगतंय, तर रुपराव. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ शालिकराम भिंतीपलीकडे राहत होता. वडिलांच्या एकाच प्लॉटचे दोन तुकडे करून मध्ये ही पुरुषभर उंच भिंत घातलेली. वैर कशाचं? तर एका चुलत बहिणीच्या लग्नात टोपी-दुपट्ट्याचा मान आधी धाकट्याला मिळाला आणि मग थोरल्याला. चूक वाटणाऱ्याची. पण शालिकराम टोपी काढून ठेवायची सोडून ती घालून फोटो काढत बसला, आणि तिथे जी बोलाचाली बंद झाली ती बंदच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पिल्लांची नावं पडली बडे साहेब आणि छोटे साहेब. जन्मभर साहेबांपुढे मान हलवलेल्या माणसाला आता साहेबांना दाणे टाकायला मिळत होते, त्या सुखाचं काय वर्णन करावं.

पिल्लांना तुरे फुटू लागले त्याच सुमाराला भूमिकाला कामठीचं स्थळ आलं. मुलगा अश्विन. भूमिकाला तो आवडला, अगदी मनापासून. पहिल्या भेटीत त्याने तिला स्वयंपाक येतो का हे विचारलं नाही, आणि तर्री-पोहे खाताना नाकाडोळ्यांतून पाणी आलं तेव्हा "मले तिखट झेपत नाही" असं सरळ सांगून टाकलं. नागपूरच्या आसपास असं कबूल करणारा पुरुष तिने आजवर पाहिला नव्हता. सगळं जुळत आलं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा तेवढा ठरायचा होता, आणि मुलाचे वडील मारोतराव यांनी पाचर मारली.

"शालिकराम आमचे जुने दोस्त, रुपरावजी. साक्षगंधाले तुम्ही दोघं भाऊ एका पंगतीत बसलेले दिसले का आमच्याकडून पक्कं. जिथं भाऊ भावाशी बोलत नाही, त्या घरची पोरगी आम्ही करत नाही."

पाहुणे गेले आणि रुपराव गरजले, "सोयरीक गेली खड्ड्यात!"

प्रेमिला रडली. भूमिका रडली नाही. आपला बाप विनवणीने हलत नाही, रडण्याने तर आणखीच ताठतो, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. त्याची चावी एकच. शेजारची चार माणसं गेटपाशी जमलेली पाहून ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "बाबा, हे दोन कोंबडे साक्षगंधापर्यंत एका खुराड्यात ठेवणं तुम्हाले जमणार नाही."

"कोणाले जमणार नाही?"

"तुम्हाले. नाही जमलं तर कोंबडे वापस. जमलं, तर काकाले साक्षगंधाले बोलवायचं. तुम्ही स्वतः जाऊन."

"मंजूर!" रुपराव म्हणाले. त्यांच्या कानात फक्त 'जमणार नाही' शिरलं होतं. पुढचं ऐकलं असतं तर जिंकण्यातच आपला पराभव आहे हे कळलं असतं.

मग जी मेहनत सुरू झाली, ती त्यांनी नोकरीत केली असती तर साहेब झाले असते. सकाळी भिजवलेली ज्वारी एकाच ताटात, तीसुद्धा त्यांच्या तळहातावरून. एकाने मानेची पिसं फुलवली की दोघांच्या मध्ये स्टूल टाकून हे पेपर वाचत बसायचे. पोटऱ्या चोचींनी भरल्या, पायजम्याची जाळी झाली, पण हटले नाहीत. संध्याकाळी दोन काखांत दोन कोंबडे घेऊन गल्लीत फेरी, म्हणजे माणसांची सवय व्हावी. पोरंटोरं "साहेब आले, साहेब आले" म्हणून मागे पळायची. आणि आश्चर्य म्हणजे कोंबडे खरंच निवळले. रुपरावांच्या मांडीवर येऊन बसू लागले, एकाच दांडीवर शेजारी शेजारी झोपू लागले. भूमिका ऑफिसला निघताना रोज खुराड्यात डोकावून कोंबड्यांची खुशाली पाहायची. तिचं लग्न त्या दांडीवर बसलं होतं.

दिवाळी गेली, साक्षगंध तोंडावर आलं, आणि रुपराव जिंकले! गल्लीने टाळ्या वाजवल्या. भूमिकाने फक्त भिंतीकडे बोट दाखवलं. आता कळलं, पण गल्लीसमोर दिलेला शब्द. रुपराव शालिकरामच्या गेटबाहेर उभे राहिले आणि गेटलाच म्हणाले, "मंगळवारी साक्षगंध हाय. लोकांले सांगून राहिलो."

आतून आवाज आला, "लोक येतील."

एवढंच. प्रेमिलाने देवापुढे साखर ठेवली.

मंगळवारी सकाळी रुपरावांच्या अंगात आलं. व्याह्यांसमोर कोंबडे मिरवायचे, तर ते चमकले पाहिजेत. एकत्र राहिले तर एकमेकांना मळवतील. म्हणून बडे साहेबांना न्हाऊ घालून वर गच्चीवरच्या खोलीत डांबलं आणि छोटे साहेबांना मागच्या अंगणात टोपल्याखाली. पिसांना तेल चोळणं चालू असताना भिंतीपलीकडून शालिकराम हवेशी बोलले, "अलग केले का भाऊ-भाऊ एकमेकाले ओळखत नाहीत. मग दुश्मनच. कोणाले सांगून राहिलो नाही बा, असाच बोलून राहिलो."

"बाबा, काका बरोबर बोलून राहिले," भूमिका म्हणाली.

"आता भिंतीपासून शिकू का मी?" रुपराव ओरडले आणि तेल आणखी जोरात चोळलं.

साक्षगंध मात्र दृष्ट लागण्यासारखं चाललं. टोपी-दुपट्टा द्यायला प्रेमिलाने दोन माणसं उभी केली होती, दोन्ही भावांना अगदी एकाच वेळी. पंगतीत दोघं शेजारी बसले. रुपरावांनी न बघता वरणाची वाटी धाकट्याकडे सरकवली, त्याने न बघता घेतली. मारोतरावांना भरून आलं. "आता अंगठ्या होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. समोर अश्विन हसला आणि भूमिकाला पहिल्यांदाच पोटभर श्वास घेता आला.

पण गप्प बसतील ते रुपराव कसले! "थांबा, मारोतरावजी. भाऊ काय चीज असते, ते दाखवतो."

"बाबा, नको," भूमिका म्हणाली. "तुमच्या पाया पडते, आज नको."

दोन काखांत दोन साहेब आले. मांडवाच्या मधोमध ज्वारीचं ताट, आणि दोन बाजूंनी दोघांना सोडलं. सकाळपासून वेगळे पडलेले भाऊ क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले, मानेची पिसं छत्रीसारखी फुलली, आणि मग जे काही झालं! ताट उडालं, ज्वारी उडाली, हळदीकुंकवाची वाटी वरमाईच्या साडीवर. अखेर शालिकरामांनी झडप घालून बडे साहेबांना धरलं, रुपरावांनी छोटे साहेबांना. दोघं भाऊ धापा टाकत समोरासमोर उभे राहिले.

"सांगितलं होतं सकाळी," शालिकराम म्हणाले.

"मले सांगितलं होतं? हवेले सांगितलं होतं!"

"हवा तरी ऐकते बा. तू कधी ऐकलं का कोणाचं?"

"माझा कोंबडा खाली ठेव आधी!"

"ठेवतो. सोडू का? सोडू?"

काखेतून कोंबडे चोची मारत होते, वरून भाऊ. टोप्या कधीच पायदळी गेल्या होत्या. वर्षानुवर्षं न बोललेलं सगळं एका दमात बाहेर पडत होतं. मारोतराव हात जोडून मधे घुसले, तर त्यांच्या कोपराला चोच बसली. प्रेमिलाने डोक्याला हात लावला. अख्खा मांडव त्या रिंगणाभोवती गोळा झाला, फोटोवालासुद्धा.

चौरंगापाशी भूमिका आणि अश्विन दोघंच उरले. मारोतराव कोपर चोळत मागे फिरले की काय म्हणणार, हे तिला दिसत होतं. इतक्या महिन्यांची ज्वारी, तो स्टूल, ती दांडी, सगळ्याचा तिला भयंकर संताप आला. त्याच संतापात तिने तबकातली अंगठी उचलली, अश्विनचा हात ओढला आणि त्याच्या बोटात घातली. अश्विनने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि दुसरी अंगठी उचलून तिच्या बोटात सरकवली.

मारोतराव वळले, तर समोर हे. "अरे! मोठ्या माणसांच्या आधी?"

"मोठी माणसं कामात हायेत, मामाजी," भूमिका म्हणाली.