ओपलने उपटलेल्या खुणा

मुलांनो, एक स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. टेबल आहे, पण त्यावर जेवता येत नाही, कारण ताटांच्या जागी पुस्तकं आहेत. खुर्च्यांवर पुस्तकं, फ्रिजवर पुस्तकं. घरातली मुलगी उकडलेला घेवडा आणि मक्याचा पाव मांडीवर घेऊन जमिनीवरच जेवते. आता त्या मुलीच्या जागी तुम्ही बसा आणि सबंध हिवाळा तसेच जेवा. आलं का लक्षात, पोटात काय साठत असेल?

ती मुलगी म्हणजे ओपल. ओहायो नदीच्या काठी आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. तिचा बाप नदीवर कोळशाच्या बोटी ढकलायच्या कामावर, महिना महिना बाहेर. आई मार्सेला पुलांची गणितं करायची. पूल किती भार पेलेल, खांब किती खोल जाईल, सगळं तीच काढायची. पण आमच्याकडे परीक्षा देऊन परवाना घेतल्याशिवाय कुणाला स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेता येत नाही. परवाना मिळाला की आपल्या नावाचा गोल शिक्का मिळतो. मार्सेलाच्या नकाशांवर शिक्का उमटायचा तो तिच्या साहेबाचा, गार्विनचा.

त्या काळी ही परीक्षा पुस्तकं उघडून द्यायची असे. हसू नका! हवी तितकी पुस्तकं न्या, पण सुटा कागद एकही चालणार नाही. आणि प्रश्न इतके, की पुस्तकात शोधत बसलात तर घंटा होते. म्हणून लोक पानांच्या कडेला रंगीत पट्ट्या चिकटवत. मार्सेला मागच्या वेळी शोधण्यातच नापास झाली होती. या वेळी ओपलने तिच्याबरोबर बसून पट्ट्या लावल्या. निळ्या पाण्याच्या, तपकिरी मातीच्या, लाल पोलादाच्या. प्रत्येकीवर ओपलचं ठसठशीत अक्षर.

परीक्षा शुक्रवारी, राज्याच्या राजधानीत, गाडीने तीन तासांवर. गुरुवारी दुपारीच दोघी निघणार होत्या. मार्सेलाने रजा काढली होती. पुस्तकं दुधाच्या क्रेटमध्ये भरून क्रेट हातगाडीवर रचले होते. ओपल बूट घालून तयार.

तेवढ्यात फोन वाजला.

"हो सर," मार्सेला म्हणाली. "पण सर, आज मी... हो सर. एक तास. हो."

"कोण होतं?" ओपलने विचारलं. तिला माहीत होतंच.

"नकाशात थोडा बदल आहे. तासाभरात येते. मिस लेटीकडे बस."

मिस लेटी म्हणजे मी. शाळेतून निवृत्त झाले, पण रस्त्यावरची निम्मी पोरं अजून माझ्याच ओट्यावर पाढे म्हणतात. ओपल माझ्याकडे बसली. तास गेला, दुसरा गेला. "पाणी पिऊन येते," म्हणून ती घरी गेली ती परत आली नाही. मग भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. चर्र... चर्र... कोंबडीची पिसं उपटावीत तसा.

मी गेले. ओपल जमिनीवर बसून पट्ट्या उपटत होती. मूठभर धरायची आणि ओढायची. काही पानांचे कोपरेही सोबत आले होते.

"ओपल! अगं, काय केलंस हे?"

"मी लावल्या होत्या, मीच काढल्या!" तिचा चेहरा लालबुंद होता. "ती त्याला नाही म्हणतच नाही. मला म्हणते. रोज म्हणते!"

मला राग आला, आणि खरं सांगते, त्या पोरीचा नाही आला. आपल्याकडे म्हणतात ना, वड्याचं तेल वांग्यावर. गार्विनवरचं तेल त्या बिचाऱ्या पुस्तकांवर निघालं होतं.

मार्सेला आली तेव्हा उन्हं उतरली होती. ती दारातच थांबली. मग असं ओरडली की नदीपलीकडे ऐकू जावं.

"अक्कल आहे का तुला? सबंध हिवाळा घातला मी यात!"

"मीपण घातला!"

"उद्या काय करू मी तिथे? पानं मोजू?"

"तू जाणारच नाहीस उद्या! तो बोलावेल आणि तू हो सर म्हणशील!"

मार्सेलाचा आवाज एकदम बसला. "बोलावलंच आहे," ती म्हणाली. "सकाळी सातला. म्हणाला, परीक्षा काय, ऑक्टोबरातही असते. पूल थांबत नाहीत, मार्सी." तिने खाली पडलेल्या रंगीत कचऱ्याकडे पाहिलं. "बरंच झालं. आता जाण्यात अर्थही नाही."

"मार्सेला," मी म्हटलं, "तुला शिक्का मिळाला तर त्याच्या शिक्क्याखाली राबणार कोण? एवढं साधं गणित तुला सुटत नाही?"

"मिस लेटी, तुम्ही मध्ये पडू नका."

पुन्हा फोन. मार्सेलाने उचलला. "हो सर. नाही, जात नाहीये. सातला..."

ओपल उठली. सगळी पुस्तकं तिने क्रेटमध्ये कोंबली, हातगाडी दाराबाहेर ओढली आणि पायऱ्यांवरून धाड, धाड, धाड उतरवली. मी मदतीला गेले तर मलाच डोळे वटारले. एकेक पुस्तक उचलून आईच्या छोट्या ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात भिरकावलं. मग ड्रायव्हरच्या जागी चढली आणि हॉर्नवर दोन्ही हात दाबले.

शेजारचे कुत्रे भुंकायला लागले. समोरचे म्हातारे मिस्टर झिगलर दाढीला फेस लावलेलेच बाहेर आले. हॉर्न थांबेना. घरात मार्सेला फोनमध्ये ओरडत होती, "काय? ऐकू येत नाही, सर! काय म्हणालात? नाही! नाही म्हणाले मी! नाही!"

शेवटचा नाही तिने हॉर्नच्याही वर चढवला. आणि फोन आपटला.

ती बाहेर आली. हातात किल्ली, कॅल्क्युलेटर आणि टेबलाच्या खणातली उरलेल्या पट्ट्यांची पाकिटं. "सरक," ती म्हणाली. ओपल सरकली. पाकिटं तिच्या मांडीवर पडली.

"पट्ट्यांशिवाय मी नापास होईन. कळतंय तुला? मी अजून रागावलेय."

"मीपण," ओपल म्हणाली.

माफी तिने मागितली नाही. ट्रक सुरू व्हायच्या आत पाठीमागच्या खिडकीतून हौद्यात हात घालून तिने पाण्याचं जाडजूड पुस्तक ओढून घेतलं, निळं पाकीट दातांनी फाडलं आणि पहिल्या धड्याचं पान शोधू लागली.