दोन मिनिटांत येते

"मावशी, चष्मा द्या आता काढून," नर्स म्हणाली. "आत नाही चालत."

बायकोने चष्मा काढला आणि स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हात अंदाजाने पुढे केला. नवऱ्याने तो घेतला, काड्या मिटल्या आणि खिशात न घालता हातातच धरला. त्या काचा त्यांनी स्वतः घासून बसवल्या होत्या. त्या काचांशिवाय तिला हातभर अंतरावरचं माणूसही धुरकट दिसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्यांचं खरं नाव सांगायला हरकत नाही, पण त्याचा उपयोग नाही. त्या नावाने त्यांना फक्त विजेचं बिल येतं. बाकी सगळं जग त्यांना थांबेकाका म्हणतं. ते आडनाव नाही, ती थट्टा आहे. आपण त्यांना चष्मेवाले म्हणू. तेवढं तरी त्यांचं स्वतःचं आहे.

चाळीस वर्षांपूर्वी एका सिनेमाची माणसं, ते नोकरीला होते त्या चष्म्याच्या दुकानात फ्रेम घ्यायला आली. नायिकेचं ज्याच्याशी लग्न ठरलेलं असतं त्या गृहस्थासाठी चष्मा हवा होता. चष्मेवाले तेव्हा पंचविशीचे, चापूनचोपून भांग, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. दिग्दर्शक फ्रेमा बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत बसला. "चष्मा राहू दे, हा माणूसच घेऊ," तो म्हणाला आणि सगळे हसले. चष्मेवालेही हसले. आपल्याला कशासाठी निवडलं ते त्यांना सिनेमा लागल्यावर कळलं.

लग्नाच्या नोंदणी कचेरीत नायिका त्यांच्या हातात फुलांचा गुच्छ देते आणि म्हणते, "पर्स गाडीत राहिली. दोन मिनिटांत येते." हे म्हणतात, "मी थांबतो." पाठीमागच्या खिडकीतून ती नायकाच्या सायकलवर डबलसीट पळून जाताना दिसते. हे घड्याळ बघतात, टाय सरळ करतात आणि कचेरीतल्या साहेबांना पुन्हा सांगतात, "मी थांबतो." शेवटी शिपाई एकेक दिवा बंद करत जातो, तरी हे गुच्छ धरून उभेच. थिएटरात लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे तेवढे बाकी राहत.

सिनेमा चांगला होता, हे चष्मेवालेही नाकारत नसत. तेच तर दुखणं होतं. वाईट असता तर दोन आठवड्यांत उतरला असता आणि हे सुटले असते. पण तो म्हातारा व्हायलाच तयार नव्हता. नायक गेला, नायिकेला नातवंडं झाली, ज्या थिएटरात तो वर्षभर चालला ते पाडून तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. सिनेमा मात्र दर पिढीला नव्याने भेटत राहिला, आधी टीव्हीवर, मग सीडीवर, आता ज्याच्या त्याच्या फोनवर. नव्याने प्रेमात पडलेली पोरं तो एकत्र बघत. भांडून तोंडं फिरवलेली नवराबायको तो बघून पुन्हा बोलायला लागत. सगळ्यांचं गोड होत होतं आणि कडू घोट एकटे चष्मेवाले गिळत होते.

दुकानात तर सुटकाच नव्हती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून "समोर बघा" म्हणावं, तर समोर हेच. आधी गिऱ्हाइकाचे डोळे बारीक होत, मग ओठाचा कोपरा वर जाई. पुढचं त्यांना पाठ होतं. "काका, एकदा म्हणा ना!" मालकही वर आग्रह करत, "म्हणून टाका हो, तुमचं काय जातं?"

काय जातं ते मालकांना कसं कळावं? चष्मेवाल्यांनी भाषेतलं एक साधं वाक्यच टाकून दिलं होतं. बँकेत, शाळेच्या फाटकाशी, कुणाची वाट बघताना ते म्हणत, "बसतो जरा", "आहे मी इथंच", "चालू द्या तुमचं". एवढं जपूनही काय उपयोग? सख्ख्या भावाच्या शोकसभेत ते बोलायला उभे राहिले, तेव्हा पुढच्या रांगेतला एकजण तोंडावर रुमाल धरून हसत होता.

बायको त्यांना दुकानातच भेटली. मोडका चष्मा घेऊन आली होती. नवी फ्रेम चढवून त्यांनी "समोर बघा" म्हटलं आणि मनाची तयारी केली. तिने बघितलं. हसली नाही.

"तुम्हीच ना ते?" तिने सरळ विचारलं. "मी तीनदा पाहिला. पोट दुखेपर्यंत हसले. पण घरी जाताना मनात आलं, दिवे गेल्यावर तो घरी कसा गेला असेल?"

"चालत," चष्मेवाले म्हणाले.

हे त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं आणि नंतरही कुणी विचारलं नाही. वर्षाच्या आत लग्न झालं. टीव्हीवर तो प्रसंग आला की ती दरवेळी म्हणायची, "वेडीच होती ती बाई." आणि चष्मेवाले दरवेळी म्हणायचे, "पुरे झालं तुझं." दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तिची मायासुद्धा त्यांना टोमण्यासारखी टोचायची. हळूहळू तिने म्हणायचं सोडलं. सिनेमा लागला की ती स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची.

आणि आज ती स्ट्रेचरवर होती. हृदयाची झडप बदलायची होती. "घाबरू नका, पण वय बघता धोका आहे," असं तरुण डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. मुलगी संध्याकाळच्या गाडीने येणार होती. तोवर तिचं म्हणून जे माणूस, ते एवढंच.

"अहो," बायको म्हणाली.

"हं."

"दोन मिनिटांत येते."

चष्मेवाले चमकले. सबंध संसारात तिने ही थट्टा कधी केली नव्हती. ती हसत होती, पण त्यांच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघून. चष्म्याशिवाय तिला तो नीट सापडत नव्हता.

"म्हणा ना," ती म्हणाली. "मला काही दिसत नाहीये. तुम्ही म्हणालात की कळेल, आहात म्हणून."

चष्मेवाल्यांना मात्र सगळं दिसत होतं. पायाकडच्या वॉर्डबॉयने डोक्याकडच्याला खुणावलं. डोळे बारीक, ओठाचा कोपरा वर. नर्सही कागद भरायची थांबून बघायला लागली.

"आहे मी इथंच," ते म्हणाले.

"असं नाही. नीट म्हणा."

"तू जा बघू आत. खोळंबा होतोय त्यांचा."

"बरं," ती म्हणाली. हसू गेलं होतं. स्ट्रेचर आत गेलं आणि दार मिटलं.

थोड्या वेळाने पायाकडचा वॉर्डबॉय परत आला. "थांबेकाका ना तुम्ही? एक फोटो काढू?" एरवी चष्मेवाल्यांनी पाठ फिरवली असती. पण आत बायको या लोकांच्या हाती होती. ते फोटोला उभे राहिले. वर "जरा हसा की" म्हटल्यावर हसलेसुद्धा.

मग ते बाकावर बसले. आता बाहेर आली की म्हणायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. कुणी का हसेना. आधी चष्मा चढवायचा आणि मग अगदी नीट म्हणायचं. हे ठरल्यावर त्यांना बरं वाटलं. त्यांनी दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणूनही बघितलं.

दुपार कलली तेव्हा दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी मास्क खाली ओढला, बाकाकडे बघितलं. सकाळच्या घाईत त्यांनी हा चेहरा नीट पाहिला नसावा. त्यांचे डोळे बारीक झाले आणि ओठाचा कोपरा वर गेला.

चष्मेवाले ताडकन उठले. डॉक्टर हसतायत, म्हणजे झालं सगळं नीट! ज्या हसण्याचा त्यांनी आयुष्यभर तिटकारा केला, जे हजार चेहऱ्यांवर अचूक ओळखलं, ते त्यांना या एका वेळी ओळखता आलं नाही. तेही तोंडभर हसले. हातातल्या चष्म्याच्या काड्या त्यांनी उघडून तयार ठेवल्या, कारण शुद्धीवर आल्या आल्या ती आधी हाच मागणार.

"झालं ना, डॉक्टर? बघता येईल ना तिला?"

आपण काय सांगायला आलो आहोत ते डॉक्टरांना आठवलं. त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला.

"सॉरी, काका. आम्ही खूप प्रयत्न केला. हृदय परत सुरूच झालं नाही."

चष्मेवाले अजून हसतच होते. ते हसू चेहऱ्यावरून उतरायला वेळ लागला.

"मग तुम्ही हसलात कशाला?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "माझ्या आईला फार आवडतो तो सिनेमा," ते म्हणाले आणि आत गेले.

नर्सने येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, सगळं व्हायला वेळ लागेल. तुम्ही घरी जाऊन या. मुलगी आली की या." एवढं सांगून तीही आपल्या कामाला गेली.

बाहेरचे रुग्ण तपासायची वेळ संपली होती. पट्टी बांधलेला शेवटचा माणूसही निघून गेला. पलीकडच्या टोकाला एक वॉर्डबॉय बटणं बंद करत येत होता. हा दुसराच होता, त्याला आतलं काही ठाऊक नव्हतं. एकेक दिवा गेला. चष्मेवाले त्या दारासमोर जाऊन उभे राहिले. हातात उघड्या काड्यांचा चष्मा.

"मी थांबतो," ते म्हणाले. अगदी स्पष्ट, तिने सांगितलं होतं तसं, नीट.

मागून एकदम खो खो हसू आलं. "आयला, थांबेकाका! खरेच की!" वॉर्डबॉय धावत आला. "काका, फोन काढतो हां. परत एकदा म्हणा ना, प्लीज."

चष्मेवाल्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मी थांबतो," ते दाराला पुन्हा म्हणाले. काचांवर बोटांचे ठसे उमटले होते. शर्टाचं टोक ओढून ते पुसायला लागले, आधी डावी काच, मग उजवी.