रविवारची शाल

देओलिंदा मेदेइरोसला मासळीबाजारात फसवणारा अजून जन्मला नव्हता. मासा कितीही बर्फात घालून ठेवा, ती कल्ला उचलायची, नाक जवळ न्यायची आणि विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायची, "हा परवाचा आहे. तुझ्या सासूला घाल, तिला काही होत नाही." शाळा तिनं पाढे येण्याआधीच सोडली होती आणि गावातल्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभी राहिली होती; पुढे धाकटी बहीण अल्झिराही तिच्या शेजारी आली. गिरणी कधीच बंद पडली, नवराही गेला, अंगावर काळे कपडे आले. पण जिभेची धार काही गेली नाही.

म्हणून धाकट्या अल्झिराला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या, तेव्हा टेकडीवरचं वृद्धांचं होम पारखायला तिनं कोणाला विचारलं नाही. घरी ठेवायची सोय नव्हती. देओलिंदा तिसऱ्या मजल्यावर राहायची, जिना शिडीसारखा उभा, आणि तिचे गुडघे आता तिचंही ऐकत नव्हते. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली तशी ती सरळ टेकडीवर गेली. या इंग्रजी मुलखात येऊन वसलेल्या आपल्या पोर्तुगीज लोकांत कोणाच्या घरी जायचं ते रविवारीच. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं, गादी उचलून पाहिली, पलंगाखाली वाकली. कुठे मुताचा वास नाही. उलट नुकत्या भाजलेल्या पावाचा वास सगळ्या मजल्यावर भरलेला. होमच्या व्यवस्थापक मिसेस व्हिटकोम्ब मागे मागे हसत फिरत होत्या. देओलिंदानं नाकानं एकदा मोठा श्वास घेतला आणि निकाल दिला, "इथं माझी बहीण राहील."

तिचा शब्द म्हणजे चर्चमध्ये दुसरं प्रवचनच. वर्षा-दोन वर्षांत गिरणीतल्या कितीतरी जुन्या साचेवाल्या त्याच टेकडीवर गेल्या, आणि दर रविवारी मिस्सेनंतर सगळं गोत गोड पाव आणि सूपचे डबे घेऊन वर चढायला लागलं. एकही रविवार चुकला नाही. इतर गोरे लोक आईबापांना टाकून जातात, आपण टाकत नाही, असं देओलिंदा उतरताना दर वेळी म्हणायची. म्हाताऱ्या खिडकीशी ओळीनं बसलेल्या असायच्या, केस विंचरलेले, अंगाभोवती घरून दिलेल्या विणलेल्या शाली हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळलेल्या. अल्झिराची निळी शाल देओलिंदानं स्वतः विणली होती. "बघा, तान्ह्या बाळासारखी ठेवलीय माझ्या बहिणीला," ती लोकांना दाखवायची. अल्झिरा तिच्याकडे टक लावून बघत राहायची. डोळ्यांत पाणी असायचं. देओलिंदाला वाटायचं, मायेचं आहे.

त्या हिवाळ्यात मिसेस व्हिटकोम्बनी तिला बाजूला घेतलं. शुक्रवारी राज्य सरकारचा तपासनीस येणार होता, होममधली काळजी कशी आहे ते ठरवायला, आणि नातेवाइकांच्या वतीनं बोलायला देओलिंदासारखं दुसरं कोण? देओलिंदाचा ऊर भरून आला. अंगठाबहाद्दर म्हणून जिला गिरणीत हसले, तिला सरकार विचारणार होतं. घरी येऊन तिनं काळा कोट झटकला, मोजे धुतले. मग तिच्या मनात आलं, अल्झिराचे केस वाढलेत, सरकारी माणसापुढे ती अशी नको. म्हणून गुरुवारी दुपारी ती कात्री आणि गोड पाव पिशवीत टाकून बसनं टेकडीवर गेली. रविवार सोडून तिथं जायची ही तिची पहिलीच वेळ.

दार उघडायला बराच वेळ लागला. उघडणाऱ्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं, मग मागे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

पावाचा वास नव्हता. दुसरा वास होता, आणि तो मासळीबाजारातला नव्हता. देओलिंदानं सवयीनं कठड्यावर बोट फिरवलं. बोट स्वच्छ. धुळीला इथं खरोखरच जागा नव्हती. पाण्याचे तांबेही भरलेले होते, ओळीनं, कठड्यावर, म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांपासून चांगले दूर. आणि सगळ्या म्हाताऱ्या मधल्या बोळात भिंतीला पाठ लावून बसवलेल्या, एकीशेजारी एक, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. कोणी कण्हत नव्हतं. कोणी कोणाशी भांडत नव्हतं. पन्नास वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढून बाहेर किंचाळूनच बोलणाऱ्या या बायका. यांना गप्प बसवणं मृत्यूलाही जमेल की नाही अशी देओलिंदाला शंका होती. इथं ते कोणाला तरी जमलं होतं.

शाली कुठेच नव्हत्या. त्या कपाटात घडी करून ठेवलेल्या तिला मागाहून दिसल्या.

अल्झिरा रांगेच्या टोकाला होती. कमरेला चादर बांधून खुर्चीच्या मागे गाठ मारलेली. तिचा चांगला हात, डावा, पांढऱ्या कापडाच्या जाड पिशवीत घातलेला आणि मनगटाशी फीत आवळलेली, जसा खरूज झालेल्या पोराचा हात बांधतात. ओठांना भेगा पडल्या होत्या. देओलिंदानं आधी तांब्यातलं पाणी आणून पाजलं. अल्झिरा थांबेचना. मग देओलिंदा फीत सोडायला लागली. तिच्या म्हाताऱ्या बोटांना गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी ओढली.

हात मोकळा झाला तसा वर उठला. दोन बोटं हनुवटीखालून खाली ओढली गेली. एकदा. पुन्हा एकदा.

देओलिंदा बघतच राहिली. गिरणीत साच्यांच्या आवाजात कानाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून बाया हातांनी बोलायच्या. धागा तुटला, पाणी प्यायला जाते, नवऱ्यानं मारलं, पोटात मूल आहे, सगळं हातांनी. आणि त्यांच्या खात्यावरच्या पहिल्या मुकादमाला दाढी होती. तो मेला, पुढचे बिनदाढीचे आले, तरी खूण तीच राहिली: मुकादम येतोय, माना खाली घाला.

मग तिनं मान वळवून बोळात पाहिलं. ज्यांचे हात मोकळे होते त्या एकेक जणी तेच करत होत्या. एमिलिया फुर्तादोनं हनुवटीखाली बोटं ओढली, तिच्या पुढचीनं ओढली, तिच्याही पुढचीनं. साच्यांच्या रांगेतून जशी जायची तशीच ती खूण बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि तिथं पोचताच सगळे हात एकदम मांडीवर पडले. सगळे डोळे मिटले.

तेव्हा कुठे देओलिंदाला बुटांचा आवाज ऐकू आला.

"मिसेस मेदेइरोस," मिसेस व्हिटकोम्ब म्हणाल्या, "आज रविवार नाही."

आवाज गोडच होता. हात बांधल्यावरून देओलिंदानं विचारलं तेव्हाही त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, अल्झिरा सारखी हात हलवते, अस्वस्थ असते, इतरांनाही अस्वस्थ करते, म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवलीय आणि हात बांधायला सांगितलाय, रीतसर सही आहे. त्यांनी ती पांढरी पिशवी उचलली आणि बोलता बोलता अल्झिराच्या हातावर परत चढवली, हळूच, मोजा घालावा तशी. अल्झिरानं डोळे उघडले नाहीत.

"उद्या तुम्ही जे मनात येईल ते बोला," त्या फीत आवळत म्हणाल्या. "मी कोणाच्या तोंडावर हात ठेवत नाही. फक्त एक लक्षात असू द्या. तपासनीस दुपारी जातो. अल्झिरा इथंच राहते."

देओलिंदा कात्री पिशवीतच ठेवून उतरली. बसमध्ये तिला कोणीतरी ओळखीचं भेटलं, पण आपण काय बोललो ते तिला नंतर आठवेना. खरं बोलावं तर होम बंद पडेल किंवा पडणार नाही, पण त्याआधी अल्झिराच्या वाट्याला काय येईल ते कोणी पाहायला नव्हतं. आणि गावाला काय सांगायचं? त्यांच्या आया आपणच तिथं घातल्या, बोट फिरवून, नाक लावून. खिडकीचा कठडा तिनं पाहिला होता. खुर्चीतलं माणूस पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी टेकडीवर पावाचा वास होता.

तपासनीस तरुण, सभ्य माणूस निघाला. त्यानं देओलिंदाला खुर्ची दिली, इंग्रजी सावकाश बोलला. अल्झिराला निळ्या शालीत हनुवटीपर्यंत गुंडाळून आणलं होतं. मिसेस व्हिटकोम्ब दाराशी उभ्या होत्या. त्यानं विचारलं, इथल्या काळजीबद्दल तुमचं काय मत आहे?

"मला विचारू नका," देओलिंदा म्हणाली. "मी रविवारची बाई. हिला विचारा."

आणि तिनं उठून आपल्या हातांनी विणलेली शाल ओढून काढली.

खाली पिशवी होती, फीत होती, चादरीची गाठ होती. तपासनिसानं पाहिलं. मग त्यानं कागद चाळले, आणि देओलिंदाला त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला. डॉक्टरांची सही होती, तो म्हणाला. हे नियमात बसतं. देओलिंदानं पुन्हा दात लावले, फीत सोडली. अल्झिराचा हात वर आला, दोन बोटं हनुवटीखाली गेली.

"बघा, हेच ते," मिसेस व्हिटकोम्ब हळहळत म्हणाल्या. "दिवसभर असंच चालतं."

"ती बोलतेय," देओलिंदा म्हणाली. "मुकादम आलाय, असं सांगतेय."

"कोण मुकादम?" त्यानं भाबडेपणानं विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत कागदावर पेन टेकवून थांबला. देओलिंदानं दाराकडे बोट केलं. त्यानं तिकडे पाहिलं, मिसेस व्हिटकोम्ब दुःखानं हसल्या, आणि पेन कागदावरून उचललं गेलं.

तेव्हा देओलिंदानं खुर्चीचा ब्रेक पायानं सोडला. सख्खी बहीण होती, अडवायला कायदा नव्हता. होमवाल्यांनी सह्या करायला लावल्या, तिनं वेड्यावाकड्या केल्या. खाली भाच्याचा छोटा ट्रक उभा होता. तिसऱ्या मजल्यावर अल्झिराला चार शेजाऱ्यांनी खुर्चीसकट चढवलं, आणि जिन्यात देओलिंदानं त्या चौघांना इतक्या शिव्या घातल्या की त्यांना हायसं वाटलं. पण टेकडीवरून निघताना खिडकीशी बसवलेल्यांपैकी एकीनंही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. फक्त एमिलियानं डोळे उघडले होते.

रविवारी मिस्सा संपली तेव्हा देओलिंदा चर्चच्या दारात आडवी उभी राहिली. डबे, पाव, पोरं, सगळे तिच्यापुढे तुंबले.

"आज कोणी वर जायचं नाही," ती म्हणाली. "त्यांनी तुमच्यासाठी पाव भाजलाय. भाजू दे. मी आंधळी होते आणि तुम्ही माझ्या मागे आलात. उद्या जाऊ. कामाचा दिवस आहे, खाडा करा."

एमिलियाची मुलगी ग्रासा तोंडाला लागली. म्हणाली, मावशी, तुला स्वतःच्या बहिणीला न्यायचं होतं तर न्यायचं, आमच्या आयांचा रविवार का बुडवतेस? आई वाट बघत असेल. देओलिंदा दारातून हलली नाही, आणि तिला ढकलायची छाती कोणाची झाली नाही.

सोमवारी सकाळी सगळ्या निघाल्या. काळ्या कपड्यांतल्या बाया, डब्यांशिवाय, कोणाला न कळवता, बर्फ तुडवत टेकडी चढायला लागल्या. ग्रासा रुसून मागे चालत होती, मग वळणावर सगळ्यांच्या पुढे गेली, कारण तिथून खिडक्या दिसायला लागतात आणि तिची आई नेहमी पहिल्या खिडकीत बसते.

खिडकीत खुर्ची होती. तिच्या पाठीवर एमिलियाची लाल शाल टाकलेली होती, नीट घडी करून.

ग्रासा थांबली. "अंघोळीला नेलं असेल," ती म्हणाली. "सोमवारी अंघोळ असते का गं, मावशी?"

देओलिंदाला ते ठाऊक नव्हतं. सोमवारचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं ग्रासाचा दंड धरला आणि चालायला लागली. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी हात काचेशी आला, हनुवटीखाली गेला आणि खाली पडला.