मागुरांचं पिंप

दोन्ही जावांचं परसदार एक, नळ एक, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा एकच. बोलणं मात्र चार वर्षं बंद. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून शब्दाला शब्द वाढला होता, आणि सासूबाई गेल्यावर समजूत घालणारंही कोणी उरलं नाही.

धाकटीने नळापाशी निळं पिंप ठेवून त्यात मागूर माशांची चाळीस पिल्लं सोडली, तेव्हा थोरलीने नाक मुरडलं. पण धाकटी घरात नसली की मिशा हलवत फिरणारे ते काळे मासे ती हळूच डोकावून बघायची.

मग धाकटीची आई घसरून पडली. माशांचं खाणं नवऱ्यावर सोपवून धाकटी तीन दिवस माहेरी गेली. तो बिचारा, उपाशी राहू नयेत म्हणून मूठमूठ खाणं टाकून कामावर जायचा. दुसऱ्याच दुपारी पाण्याला वास सुटला. थोरलीने वरची जाळी उचलली तर मासे एकामागून एक वर येऊन आ करत होते. गुदमरतायत, असं तिला वाटलं आणि तिच्याच्याने बघवेना. तिने पिंपाच्या बुडाची तोटी सोडून सगळं पाणी काढलं, नळाला पाइप लावून काठोकाठ ताजं भरलं. हात पुसताना तिला फार बरं वाटत होतं.

सकाळी एकवीस मासे पोट वर करून तरंगत होते. दिराने खड्डा खणून ते मुकाट्याने पुरले. थोरली ते खिडकीतून बघत होती.

त्याच संध्याकाळी धाकटी आली. "चिमूटभर टाका, हे किती वेळा सांगितलं होतं?" ती नवऱ्याला म्हणत होती. तो मान खाली घालून "चुकलंच माझं" म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती. थोरली पदर खोचून बाहेर आली.

"भाऊजींना बोलू नकोस. पाणी मी बदललं."

धाकटी बघतच राहिली. "सगळं?"

"सगळं. तोंड वर काढत होते, मला वाटलं मरतायत."

"हवा घ्यायला वर येतात ते. आणि नळाच्या पाण्यातलं औषध त्यांना सोसत नाही. एक दिवस बादलीत ठेवायचं, मग थोडं थोडं घालायचं. विचारायचं तरी जाऊबाई."

"कुणाला विचारू? आपण बोलत होतो का?"

धाकटीने पिंपावरची जाळी उचलली. वाकून तिने उरलेले मोजले, मग पुन्हा मोजले. जाळी ठेवत म्हणाली, "हे एकोणीस आकाराप्रमाणे वेगळे करायला हवेत. मोठे लहानांना गिळतात. एकटीला जमत नाही मला."

दुसऱ्या दिवशी थोरलीने आपलं धान्याचं रिकामं पिंप धुऊन आणलं. एक मासा हातातून निसटताना त्याच्या पराचा काटा तिच्या अंगठ्यात घुसला. ठणका उतरावा म्हणून धाकटीने आत जाऊन सोसवेल इतकं गरम पाणी आणलं, तिचा हात त्यात बुडवला आणि धरून ठेवला.

तेव्हापासून सकाळी बादल्या भरून ठेवायचं काम थोरलीकडे आलं. बोलणं माशांपुरतंच. जुना विषय दोघीही टाळत होत्या. महिन्याभराने पाणी उपसताना धाकटीच म्हणाली, "सासूबाईंना मी औषध भरवायचे, आणि त्या हाक मारायच्या तुम्हाला. तेच लागलं होतं मला."

थोरलीचा हात थांबला. "मला वाटायचं, त्यांना तूच हवी असतेस," ती म्हणाली. "माझ्यासमोर तुझंच कौतुक चालायचं."

मग धाकटीला हसू आलं, डोळे पुसत पुसतच आलं. पिंप अजून अर्धंच उपसून झालं होतं.