सगळी पुस्तकं एकीच्याच नावावर

करिष्मा भलतीच हट्टी, हे पूर्णा गावात कुणीही सांगेल. गोदामातली सकाळची शिफ्ट संपली की ती रोज दोन तास गावचं वाचनालय उघडायची, तेही फुकट. गोदामांच्या भाड्यावर पोसलेल्या गावात वाचतंय कोण, असं शहाणे म्हणत. म्हणेनात का. बायका वाचत होत्या. पण त्या खोलीत पुरुषमंडळी पेपर पसरून ठाण मांडून बसलेली, तिथं सुना पाऊल कसं टाकणार? त्यांना पुस्तक पोचायचं गोदामाच्या बसमध्ये, नाहीतर भाजीच्या पिशवीतून. वर प्रत्येकीची एकच अट. "माझं नाव नको लिहूस गं. घरात म्हणतील, हिला कामं न्हाईत." मग करिष्मा रजिस्टरात सगळी पुस्तकं स्वतःच्याच नावावर लिहायची. तिथंच ती फसली.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सरपंच केसरीनाथ भोईरांनी ते रजिस्टर उघडलं. वाचनालयाची खोली त्यांना एका गोदामवाल्याच्या ऑफिसला द्यायची होती.

"वर्षात एकशे चाळीस पुस्तकं, आणि वाचणारी ही एकटीच. एका बाईसाठी गावानं खोली अडकवायची काय?"

लोक हसले. करिष्माचं डोकं सणकलं. नावं घेतली असती तर खोली तिथल्या तिथं वाचली असती. वाचणाऱ्या सगळ्या समोरच बसल्या होत्या, माना खाली घालून. पण शब्द म्हणजे शब्द. तो मोडून वाचवलेल्या खोलीतून उद्या पुस्तक कोण नेणार होतं?

"पुस्तकं जमा कर अन् चावी दे," केसरीनाथ म्हणाले.

"देते. पण पुस्तकं माझ्या घरात न्हाईत." तिनं माइक हातात घेतला. "ज्यांच्याकडं वाचनालयाची पुस्तकं हायेत, त्यांनी आत्ता आणून द्या. अर्धं वाचलेलं असलं तरी द्या. पुढचं आता मिळायचं न्हाई. मी इथंच बसते."

आणि ती खरोखरच बसली, स्टेजच्या पायरीवर.

मग पहिल्या रांगेतून मैनावहिनी उठल्या. सरपंचांच्या मंडळी.

"माझं न्हाय मिळणार," त्या म्हणाल्या. "साठ पानं राहिलीत."

"तू कवा वाचतेस?" केसरीनाथांनी विचारलं.

"तुम्ही दुपारचे झोपता तवा. चार वर्षं झाली."

आता कोण हसणार? सरपंचांचं झालं आपलेच दात, आपलेच ओठ. मागून सोनी उठली, पार्वतीकाकी उठल्या, मग रांगच्या रांग उभी राहिली, आणि खोली देण्याच्या ठरावाचा कागद ग्रामसेवकानं आपणहून घडी करून खिशात घातला.

करिष्मानं सरपंचांच्या हातून रजिस्टर घेतलं आणि पेन उघडलं.

"वहिनी, पुस्तक कुणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या. मैना केसरीनाथ भोईर. अन् ठळक लिही. ह्यांना बारीक दिसत न्हाय."