दुखवट्याची टोपी

मित्र गेल्याच्या तेराव्या दिवशी मोरेश्वर देशमुख त्याच्या घरी हिल्सबरोला निघाले, तेव्हा सुनेने, सुरुचीने, हटकलंच. "बाबा, इथे तेरावं वगैरे नसतं हो. कार्ड दिलं की झालं."

त्यांनी पिशवी उचलली आणि चपला घातल्या. सुरुची आणि त्यांचा मुलगा सुयश यांना मूल दत्तक घ्यायचं होतं आणि बाबांच्या होकाराशिवाय पाऊल उचलायचं नव्हतं. "मी स्वतः दत्तक गेलेला माणूस. मला विचारू नका," एवढंच बाबा म्हणाले होते. तेव्हापासून न्यूझीलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या त्या घरात धड भांडण नाही, धड बोलणं नाही. या वयात त्याचाही शीण येतो.

सहा वर्षांच्या मोरेश्वराला देशमुखांच्या मांडीवर बसवलं ते देशमुखी बुडू नये म्हणून. आई शेजारच्याच गावात, पण तिला काकू म्हणायचं असा दंडक होता. ती गेली तेव्हा सुतकही तीनच दिवसांचं. पुढे वतनं खालसा झाली, जमिनी कुळांकडे गेल्या, उरलं फक्त नाव. ते त्यांनी जन्मभर घट्ट धरून ठेवलं. नाही तर आई गेली कशाच्या बदल्यात?

म्हणूनच हिल्सबरोच्या बागेतल्या बाकावर भेटलेल्या म्हाताऱ्याशी त्यांचं जमलं. तो स्कॉटलंडातल्या किनलॅरिक घराण्याचा अकरावा लॉर्ड. पूर्वज राजासाठी लढला म्हणून किताब मिळाला. पुढे छप्पर असलेल्या घरावरचा कर चुकवायला वारसांनी वाड्याचं छप्परच उतरवलं, धाकटी पाती मेंढ्या घेऊन न्यूझीलंडला आली, थोरली लढायांत संपली आणि किताब समुद्र ओलांडून इथे आला. लॉर्डसाहेबांनी हयात शाळेची बस चालवण्यात घालवली. शेवटची चार वर्षं ते अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांचं हगणंमुतणं मुलाने, कॉलिनने, काढलं. मोरेश्वरांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

कॉलिनने दार उघडलं. आत टेबलाशी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला एक आडदांड माणूस चहा पीत होता. मोरेश्वरांनी पिशवीतून, तेराव्याला वारसाला घालतात ती दुखवट्याची कोरी पांढरी टोपी काढली, कॉलिनच्या डोक्यावर घातली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "वडील गेले. आता तू लॉर्ड."

आडदांड माणसाने कप खाली ठेवला.

"सॉरी मेट, तो मी," आडदांड माणूस ओशाळून म्हणाला. तो ‘ते रापा’ नावाच्या ठिकाणी दुधाच्या कारखान्यात कामाला होता, लॉर्डसाहेबांचा चुलत पुतण्या. "मला नकोय खरं तर. पण गळ्यात पडलंय."

"मी दत्तक आहे," कॉलिन म्हणाला. "किताबाला रक्त लागतं."

मोरेश्वरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि सेवा केली ती?" ते मराठीतच ओरडले. मग थकून खुर्चीत बसले. जिथे तिथे नावाचंच मढं, असं त्यांना वाटलं. टोपी परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

कॉलिनने ती काढू दिली नाही. भिंतीवरचा एक फोटो त्याने दाखवला. लॉर्डसाहेब, कॉलिन आणि मध्ये फुलाफुलांच्या झग्यातली एक बाई.

"माझी जन्मदाती. डॅडनेच शोधून काढली. मला गाडीत घालून स्वतः तिच्या दारात घेऊन गेला. पुढे दर ख्रिसमसला ती इथेच यायची."

मोरेश्वर फोटोकडे बघत राहिले. त्यांच्या आईचं गाव ओढ्यापलीकडे होतं. कुणी नेलं नाही. मोठेपणी तेही गेले नाहीत, देशमुखांना ते शोभलं नसतं. त्यांनी टोपी कॉलिनच्या डोक्यावर नीट बसवली.

घरी आले तेव्हा सुरुची भाजी चिरत होती. चपला न काढताच ते दारात उभे राहिले.

"आणा मूल," ते म्हणाले.

सुरुचीची सुरी थांबली. "बाबा?"

"एकच अट आहे. त्याच्या आईला या घरात येऊ द्यायचं."

"अहो बाबा, इथे तसंच करतात. ती भेटायला येईलच."

"येईल ना? बरं." ते खाली बसले आणि त्यांना रडू आवरेना. "आणि तिला काकू म्हणायला लावू नका."